पंचम जागा सोडतो तेव्हा: ऑगमेंटेड मेजर स्केल आणि गिटारच्या कॉर्ड्स

मेजर स्केलमधला पाचवा स्वर अर्ध्या स्वराने (गिटारवर एक फ्रेट, म्हणजे तारेखालच्या पट्ट्यांमधली एक जागा) वर चढवला आणि बाकीचे सहा स्वर जसेच्या तसे ठेवले, की ऑगमेंटेड मेजर स्केल तयार होते. सी हा मूळ स्वर धरला, तर सी, डी, ई, एफ, जी शार्प, ए, बी असे स्वर मिळतात. हिंदुस्तानी संगीतात षड्ज आणि पंचम हे अचल स्वर मानले जातात. इथे नेमका पंचमच आपली जागा सोडून कोमल धैवताच्या जागी जाऊन बसतो, आणि त्यामुळे सगळ्या कॉर्ड्सचे, म्हणजे एकत्र वाजवल्या जाणाऱ्या स्वरसमूहांचे, नाते बदलते.

कॉर्ड बांधण्याची रीत नेहमीचीच आहे: स्केलमधला एक स्वर घ्यायचा, पुढचा सोडायचा, त्यापुढचा घ्यायचा, असे तीन स्वर जमवायचे. या रीतीने सी ऑगमेंटेड, डी मायनर, ई मेजर, एफ मेजर, जी शार्प डिमिनिश्ड, ए मायनर आणि बी डिमिनिश्ड अशा सात कॉर्ड्स मिळतात (मेजर कॉर्डचा पंचम अर्धा स्वर चढवला की ऑगमेंटेड, मायनरचा अर्धा स्वर उतरवला की डिमिनिश्ड). ही यादी पाठ करण्यापेक्षा पहिल्या कॉर्डपाशी थोडे थांबणे मला अधिक मोलाचे वाटते, कारण या स्केलचा सगळा स्वभाव तिच्यात उतरला आहे.

गिटारवर साधी सी मेजर धरली असता तिसरी तार (तारा सर्वांत बारीक तारेपासून मोजतात) मोकळी वाजते आणि जी हा स्वर देते. त्याच तारेचा पहिला फ्रेट दाबला, की जी शार्प मिळतो. सी ऑगमेंटेड वाजवण्यासाठी करंगळी पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, अनामिका चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, मधले बोट तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर आणि तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर ठेवावी. पहिली तार मोकळी राहू द्यावी आणि सहावी वाजवू नये. आता तर्जनी उचलून दुसरी तारही मोकळी सोडली, तर बी हा सीपासूनचा सातवा स्वर मिसळतो आणि या स्केलची चार स्वरांची मूळ कॉर्ड, म्हणजे सी ऑगमेंटेड मेजर सेव्हन, हाती येते.

सी ऑगमेंटेड कानाला अस्वस्थ का वाटते, याचे उत्तर कंपनांत आहे. तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वरही उमटतात. पाचव्या तारेवरच्या सीची कंपनसंख्या १३०.८१ हर्ट्झ आहे, म्हणून त्याचा तिप्पट कंपनसंख्येचा उपस्वर सुमारे ३९२.४ हर्ट्झवर येतो. मोकळ्या तिसऱ्या तारेचा जी १९६ हर्ट्झचा असल्याने त्याचा दुप्पट कंपनसंख्येचा उपस्वर ३९२ हर्ट्झवर पडतो. दोन्ही जवळजवळ एकरूप होतात आणि कानाला स्थैर्य जाणवते. जी शार्प मात्र २०७.६५ हर्ट्झचा आहे. त्याचा दुप्पट कंपनसंख्येचा उपस्वर ४१५.३ हर्ट्झवर जातो आणि सीच्या उपस्वराशी मिळून सेकंदाला सुमारे २३ वेळा हेलकावे घेतो, म्हणजे आवाज तितक्या वेळा लहानमोठा होतो. इतक्या जलद हेलकाव्यांना कान वेगवेगळे मोजू शकत नाही, त्याला केवळ खरखर जाणवते. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विसंवादाची उकल याच हेलकाव्यांच्या आधारे केली होती.

दुसरे कारण कॉर्डच्या रचनेतच आहे. सी ते ई चार फ्रेट, ई ते जी शार्प चार फ्रेट, आणि जी शार्प ते वरचा सी पुन्हा चारच. सप्तकाचे असे तीन समान भाग झाल्यावर यातला मूळ स्वर कोणता, हे अंतरांवरून ठरवता येत नाही. गिटारवर हे डोळ्यांना दिसते: वरच्या तीन तारांवर धरलेला ऑगमेंटेड कॉर्डचा आकार चार फ्रेट पुढे सरकवला, तरी तेच तीन स्वर वेगळ्या क्रमाने वाजतात. म्हणूनच बारा स्वरांमधून खऱ्या अर्थाने वेगळ्या ऑगमेंटेड कॉर्ड्स केवळ चारच निघतात.

सी ऑगमेंटेड धरलेली असताना पाचव्या तारेवरची करंगळी उचलून पाहावी. ती तार मोकळी होऊन ए वाजू लागतो आणि तीच कॉर्ड ए मायनर मेजर सेव्हन बनते. हा योगायोग नव्हे, कारण हे सातही स्वर ए हार्मोनिक मायनरचेच आहेत, फक्त मोजणी तिसऱ्या स्वरापासून सुरू केलेली आहे. जी शार्प हा ए या स्वराच्या अगदी अर्धा स्वर खाली असल्याने तो सतत त्या स्वराकडे ओढला जातो. म्हणून सी हेच घर राहावे असे वाटत असेल, तर पाचव्या तारेवरचा सी तळाशी धरून ठेवावा आणि त्यावर एफ मेजर व डी मायनर फिरवून सी ऑगमेंटेड मेजर सेव्हनवर परतावे. मध्येच ई सेव्हन आली, की तिच्यातला जी शार्प आणि डी मिळून कानाला ए मायनरची वाट पाहायला लावतात, आणि मग सीकडे परतणे फार अवघड होऊन बसते.