सलाइनचा हात आणि रिकामा हात

केमोच्या दिवशी मावशी गोव्यातल्या फोंड्याहून पहाटेच निघायची. पिशवीत फाईल, पाण्याची बाटली, पेजेचा डबा आणि एक जाडजूड कोरी वही. सलाइन शक्यतो डाव्या हाताला लावून घ्यायची, उजवा मोकळा राहावा म्हणून. पहिल्या दिवशी तिने काढला तो स्टीलचा ग्लास. मग स्टँडवर लटकणारी बाटली, मग समोरच्या खाटेवर झोपलेल्या बाईचे पाय. केमोने बोटं बधीर व्हायला लागली आणि पेन निसटायला लागलं, तेव्हा तिने पेनाला चार रबरबँड गुंडाळले. रेघ तरी थरथरायचीच. ग्लासाला तीन कडा दिसायच्या.

भेटायला आलेल्या ओळखीच्या एका बाईंनी वही चाळली आणि दबक्या आवाजात मला विचारलं, "सगळं काळंच काढते. मनाला काही लावून घेतलंय का हिने?" मावशीला ऐकू गेलं. "दुसरं पेन नाही गो माझ्याकडे," ती म्हणाली.

त्या बाईंचा प्रश्न वाटतो तेवढा नवा नाही. आजाऱ्याचं चित्र म्हणजे त्याच्या मनाचा एक्स-रे, की नुसतंच चित्र, हा वाद ऐंशी वर्षांपासून चालू आहे.

१९३८ साली एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार क्षयाने आजारी पडला आणि ससेक्स परगण्यातल्या मिडहर्स्टच्या सॅनेटोरियममध्ये दाखल झाला. पहिल्या महायुद्धात आघाडीवर बसून चित्रं काढलेला हा माणूस. स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या औषधाचा शोध लागायला अजून पाच वर्षं होती. क्षयावरचा मुख्य इलाज म्हणजे मोकळी हवा, सकस अन्न आणि महिनोन् महिने पडून राहणं. हिलने पडल्या पडल्या खाटेजवळच्या वस्तू काढायला घेतल्या. पुढे त्याला तिथल्याच इतर रोग्यांना शिकवायला सांगण्यात आलं. त्यांत युद्धातून जखमी होऊन आलेले सैनिकही होते. आज आपण ज्याला 'आर्ट थेरपी' म्हणतो ते नाव १९४२ साली त्यानेच दिलं आणि १९४५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. चित्र काढण्यात माणूस गुंततो, ते गुंतणंच औषध, असं त्याचं म्हणणं. त्याच सुमारास अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्ग वेगळ्या वाटेने चालल्या होत्या: चित्रातून सुप्त मन बोलतं, ते वाचायला शिका. दोन्ही वाटा पुढे रुळल्या. मी मात्र हिलच्या बाजूची. मावशीचा ग्लास हा ग्लासच होता.

आपल्याकडे याची आठवण काढायची तर रवींद्रनाथांपासून काढावी लागते. १९२४ च्या अखेरीस पेरूला निघालेले रवींद्रनाथ वाटेत आजारी पडले आणि ब्यूनोस आयर्समध्ये अडकले. तिथल्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी त्यांची व्यवस्था सान इसिद्रोला नदीकाठच्या एका घरात केली. तिथे 'पूरबी' या संग्रहातल्या कविता लिहिताना खोडलेले शब्द एकमेकांना जोडत जोडत ते पक्षी, चोची, चमत्कारिक जनावरं काढत. हा चाळा ओकाम्पोंच्या नजरेत भरला. १९३० साली पॅरिसमध्ये रवींद्रनाथांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं ते ओकाम्पोंच्याच खटपटीने. पुढे सप्टेंबर १९३७ मध्ये शांतिनिकेतनात कवी अचानक बेशुद्ध झाले. वय शहात्तर. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी रंग आणि कुंचला मागितला आणि प्लायवूडच्या तुकड्यावर एक निसर्गचित्र काढलं म्हणतात. कविता नंतर.

फ्रेंच चित्रकार मातिसची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते: १९४१ ची पोटाची शस्त्रक्रिया, मग खाट आणि चाकांची खुर्ची, कात्रीने कापलेले रंगीत कागद. मला त्याहून आवडतो तो त्याचा लांब बांबू. टोकाला कोळशाची कांडी बांधून तो खाटेवरूनच भिंतीवर चित्र काढायचा. रबरबँडवाल्या पेनाचा हा थोरला भाऊ.

गोव्याशी नाळ असलेलं नाव म्हणजे चित्रकार वासुदेव गायतोंडे. जन्म नागपूरचा, १९२४ चा, पण घराणं गोव्याचं. १९८४ मध्ये दिल्लीत त्यांना अपघात झाला, मानेला इजा झाली आणि मोठे कॅनव्हास थांबले. पुढची काही वर्षं त्यांनी कागदावर शाईची छोटी चित्रं केली. ज्याचे कॅनव्हास माणसाएवढे उंच असत, तो मांडीवर मावेल एवढ्या कागदाकडे वळला. शरीर जेवढं देईल तेवढ्यात भागवायचं, यात कमीपणा नव्हता.

आणि व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा? ते तेव्हा आजारी वगैरे नव्हते, पण गोव्यातल्या लोटली गावात, विशीत असताना ते चित्रांची रोजनिशी लिहायचे. लग्नं, पाद्री, तावेर्न, शेजारीपाजारी. एक दिवस, एक पान. वॉर्डातल्या वह्यांचा घाट नेमका हाच असतो. फरक इतकाच की तिथे गाव खिडकीएवढं असतं.

विज्ञान काय म्हणतं? २०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढांना पाऊण तास चित्रकाम करायला दिलं. त्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं. चित्रकला येते की नाही, याने फारसा फरक पडला नाही. पण ती माणसं रुग्ण नव्हती, हे विसरायचं नाही. चित्राने गाठ विरघळत नाही. वहीमुळे मावशीची मळमळसुद्धा थांबली नाही. दोन डोसांमधल्या एकवीस दिवसांत तिला करायला काहीतरी मिळालं, एवढंच मी पाहिलं.

त्या वर्षी चवथीला तिला गर्दीत न्यायची सोय नव्हती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या. घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरचं फळाफुलांचं छत, बांधत होते तेव्हा मी फोनवर फोटो पाठवला आणि तिने तो वहीत उतरवायला घेतला. नारळ झाले, सुपारीचं शिपटं झालं, चिबूड जरा भोपळ्यासारखा झाला. मग हात दुखायला लागला. उजवीकडे कांगलां या रानफळांची जागा तिने पेन्सिलीने गोल करून तशीच सोडली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, "पुढच्या डोसाला."