यूके एड मॅच: कोणता पाऊंड जुळतो, कोणता नाही

यूके एड मॅच ही ब्रिटिश सरकारची योजना: ब्रिटनमधल्या लोकांनी गरीब देशांत काम करणाऱ्या सेवाभावी संस्थेच्या देणगीच्या आवाहनाला एक पाऊंड दिला की सरकारही एक पाऊंड घालतं, जास्तीत जास्त 20 लाख पाऊंडांपर्यंत. योजना सांगितली जाते ती एवढीच. म्हणून मग अर्जात नको त्या रकमा धरल्या जातात.

धरायची फक्त ब्रिटनमध्ये राहणाऱ्या व्यक्तींनी, त्याच आवाहनासाठी, मुदतीत दिलेली रोख देणगी. कंपन्यांचे आणि ट्रस्टचे पैसे, परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेले पैसे, आधीपासून दरमहा येणारी वर्गणी, वस्तुरूप मदत, हे सगळं बाहेर. गिफ्ट एड, म्हणजे देणगीवर संस्थेला सरकारकडून परत मिळणारा कर, तीही बाहेर, आणि बहुतेकांचा घोळ होतो तो इथेच. लोकांनी 80,000 पाऊंड दिले आणि त्यावर 25 टक्के गिफ्ट एड मिळाली तर बँकेत 1,00,000 दिसतात. जुळणीला मात्र 80,000च. आवाहनातून किमान 1,00,000 पाऊंड जमतील असं दाखवावं लागतं, म्हणजे हा अंदाज तिथेच पडतो.

मुदतीबद्दलही गैरसमज आहे. अर्जाची शेवटची तारीख वेगळी आणि आवाहनाचे जास्तीत जास्त तीन महिने वेगळे. आवाहन मंजुरीनंतरच सुरू करायचं. आधी जमवलेले पैसे नंतर दाखवून जुळवून मिळत नाहीत. लेखी होकार हातात येण्याआधी ‘तुमची देणगी दुप्पट होईल’ असं पत्रकात छापू नका, कितीही मोह झाला तरी.

नोंदणी, हिशेब, सुरक्षितता धोरण ही कागदपत्रं बहुतेकांकडे असतात. नसतं ते प्रसारमाध्यम भागीदाराचं पत्र. आवाहन किमान 4,00,000 वेळा लोकांसमोर येईल, याची हमी वर्तमानपत्र, वाहिनी किंवा दुकानांची साखळी अशा बाहेरच्या कुणाकडून आणायची असते. हा आकडा माणसांचा नाही, दिसण्याच्या संधींचा आहे: 50,000 वाचकांच्या साप्ताहिकात आठ वेळा छापून आलं की भरला. स्वतःचं फेसबुक पान भागीदार होत नाही. ‘आम्ही सहकार्य करू’ एवढ्या ओळीच्या पत्राचा उपयोग शून्य. कोणती जागा, कोणत्या तारखा, किती वेळा, हे त्यात हवं, आणि प्रकल्पानंतर काय झालं ते लोकांना कळवण्याचंही. संपादकाची सही मिळवायला आठवडे जातात, तेव्हा सुरुवात या पत्रापासून करा.

भारतातल्या कामासाठी अर्ज करायचा विचार असेल तर त्या वेळच्या अर्जांच्या फेरीत कोणते देश बसतात ती यादी आधी उघडा. योजनेचा भर मानव विकास निर्देशांकातल्या तळाच्या 50 देशांवर आणि अस्थिर देशांवर राहिलेला आहे. भारत त्या तळाच्या 50 मध्ये नाही, आणि ब्रिटनने भारताची पारंपरिक आर्थिक मदतही 2015 मध्ये थांबवली. यादी न बघता दोन महिने प्रस्ताव लिहीत बसणारे दर फेरीत असतात.

शेवटी पैशांची वाटणी. सरकारचा वाटा फक्त मंजूर प्रकल्पावरच खर्च करायचा. लोकांच्या देणग्या संस्थेच्या इतर कामाला वापरता येतात, पण आवाहनाच्या मजकुरात तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. आणि सरकारी रक्कम खर्च दाखवल्यावर मागाहून येते, त्यामुळे पहिल्या तिमाहीचे पगार कुठून द्यायचे ते आधीच ठरवून ठेवा.