दोन मिस मार्पल: रदरफोर्ड कुठली आणि हिक्सन कुठली?

अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांमधली गुन्हे उलगडणारी म्हातारी म्हणजे मिस मार्पल. यूट्यूबवर 'मिस मार्पल' शोधलं की पांढऱ्या केसांच्या दोन इंग्रज आज्या हमखास समोर येतात आणि नावं माहीत नसतील तर दोघींची गल्लत होते. पटकन ओळखायचं तर चित्र कृष्णधवल, बाई दणकट, अंगावर ढगळ केप आणि हनुवटी सतत हलतेय, तर ती मार्गारेट रदरफोर्ड. चित्र रंगीत, बाई किडकिडीत आणि हातात विणकाम, तर जोन हिक्सन.

पण गल्लत करणाऱ्यांना मी फार हसणार नाही, कारण एका सिनेमात दोघीही आहेत! १९६१च्या 'मर्डर, शी सेड'मध्ये रदरफोर्ड मिस मार्पल आहे आणि ज्या हवेलीत गोष्ट घडते तिथे कामाला येणारी मिसेस किडर आहे हिक्सन. पुढे १९८७मध्ये बीबीसीने या सिनेमाच्याच मूळ कादंबरीवर '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' केलं, तेव्हा मार्पल होती हिक्सन.

दोघींतला फरक या एका गोष्टीतच नीट दिसतो. अगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीत शेजारून धावणाऱ्या आगगाडीत बाईचा गळा आवळला जाताना पाहते ती मार्पलची मैत्रीण. मार्पल स्वतः थकलेली, म्हणून ती ल्युसी नावाच्या हुशार मुलीला हवेलीत कामाला धाडते आणि ल्युसी गोल्फच्या सरावाच्या निमित्ताने आवार धुंडाळते. सिनेमात ही तिन्ही कामं रदरफोर्डच्या पदरात. खून तीच बघते, मोलकरीण तीच होते, गोल्फची काठीही तीच फिरवते. नंतरच्या सिनेमांत तर ती ट्विस्ट नाचते, तलवारबाजीही करते. चार सिनेमांपैकी दोन मुळात प्वारोच्या, म्हणजे ख्रिस्तीच्या दुसऱ्या गुप्तहेराच्या, कादंबऱ्यांवरचे, आणि चौथ्याची कथा पटकथाकारांनीच रचलेली. तिच्यामागे लुडबुडणारा मिस्टर स्ट्रिंगर पुस्तकात कुठेच नाही. तो तिचा खराखुरा नवरा, स्ट्रिंगर डेव्हिस. कपडेही बाईंचे घरचेच. थोडक्यात, मार्पल रदरफोर्डच्या घरी राहायला आली होती.

हिक्सन बरोबर उलटी. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसते, सुया चालू, नजर टाक्यांवर. कुणीतरी बोलता बोलता घसरतं आणि ती फक्त मान वर करते. बाकीचे तिला विसरून गेलेले असतात, हेच तिचं हत्यार. मला विचाराल तर पुस्तकातली मार्पल हीच. पण रविवारी दुपारी लोळत बघायला मी रदरफोर्डच लावतो, हेही खरं.

रदरफोर्डच्या हसऱ्या चेहऱ्यामागचं आयुष्य मात्र भयंकर होतं. १८८३मध्ये तिच्या वडिलांनी मनोरुग्णावस्थेत स्वतःच्या वडिलांचा खून केला होता. सुटल्यावर त्यांनी बेन हे आडनाव टाकलं. १८९२मध्ये लंडनमध्ये मार्गारेटचा जन्म झाला, कुटुंब भारतात आलं आणि इथेच आईने आत्महत्या केली. पोर मावशीकडे विम्बल्डनला परत गेली. वडील पुन्हा मनोरुग्णालयात, आणि तिला मात्र ते वारल्याचं सांगितलेलं. आपल्यालाही तेच होईल या धास्तीने तिला जन्मभर छळलं. पियानो आणि वक्तृत्व शिकवत तिने तिशी ओलांडली आणि १९२५मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहाच्या रंगमंचावर पाऊल ठेवलं. मग 'ब्लाइद स्पिरिट'मधली विक्षिप्त मादाम आर्काती, 'द व्ही. आय. पीज'साठी ऑस्कर, आणि १९६७मध्ये 'डेम' किताब. १९७२मध्ये ती गेली.

हिक्सनचं चरित्र त्यामानाने सरळ. १९०६मध्ये नॉर्थहॅम्प्टनजवळ जन्म, राडा (RADA) या लंडनच्या नाट्यशिक्षण संस्थेत शिक्षण, आणि मग दशकानुदशकं नर्सा, घरमालकिणी, खडूस शेजारणी. 'कॅरी ऑन' सिनेमांत डोळे उघडे ठेवलेत तर सापडेल. १९७९मध्ये 'बेडरूम फार्स' नाटकासाठी टोनी पुरस्कार मिळाला. तरी नाव घराघरांत पोचलं ते १९८४मध्ये बीबीसीच्या मालिकेत मार्पल झाल्यावर, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. चाळीसच्या दशकात ख्रिस्तीच्या एका नाटकात तिला पाहून लेखिकेनेच चिठ्ठी पाठवली होती की, तुम्ही कधीतरी माझी मिस मार्पल करावी. ते प्रत्यक्षात यायच्या आत, १९७६मध्ये, ख्रिस्ती वारली.

ख्रिस्तीला रदरफोर्डचे सिनेमे आवडत नव्हते. बाई मात्र आवडायची. 'द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड' ही १९६२ची कादंबरी तिने कौतुकाने रदरफोर्डलाच अर्पण केली. बीबीसीने मार्पलच्या बाराही कादंबऱ्या हिक्सनला घेऊन केल्या. १९९२च्या डिसेंबरात दाखवलेली शेवटची, याच अर्पणपत्रिकेची.