काटा मधे आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही

गणपतीत मुंबईच्या गाड्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या की हा विषय निघतोच. कोणीतरी कॅन घेऊन आलेला असतो, घरीच ऑइल बदलूया म्हणतो, मग एकजण सांगतो आधी इंजिन गरम कर, दुसरा सांगतो नको रे, रात्रभर उभी ठेव, सगळं ऑइल आपोआप खाली उतरतं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. घोळ होतो तो गरम म्हणजे नेमकं काय गरम, यात.

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा असतो, ऑइलचा नाही. सुरुवातीला थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) बंद असतो म्हणून इंजिनातलं थोडंसंच पाणी फिरतं आणि ते पटकन तापतं. ऑइल मात्र ३-४ लिटर, खाली चेंबरमधे, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यात पडलेलं, बाहेरून चेंबरला हवा लागतेय, ते वर फिरून येतं तेव्हा कुठे थोडं थोडं तापतं. म्हणून गाडी जागेवर चालू ठेवून काटा मधे आला तरी ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. उलटंही होतं आणि ते जास्त वाईट, कारण बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम असा बनवलेला असतो की पाणी ७५ अंश असो नाहीतर १०० च्या आसपास, तो आपला मधेच उभा. मी एकदा मे महिन्यात मुंबईहून थेट घरी आलो आणि काटा नेहमीच्याच जागी आहे बघून लगेच ऑइल काढायचा चेंबरचा नट सोडला. ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत आलं. त्या भाजण्याचा डाग अजून आहे, म्हणून हे एवढं लिहितोय. बऱ्याच नवीन छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, निळा दिवा विझला की लोक समजतात झालं गरम, पण तोही पाण्याचाच दिवा.

आता तापवायचंच कशाला? ५डब्ल्यू-३० सारखं ऑइल ४० अंशाला असतं त्यापेक्षा १०० अंशाला पाच-सहा पट पातळ होतं. पातळ ऑइल भराभर वाहतं, आणि इंजिन नुकतंच फिरलेलं असलं की काजळी आणि बारीक कचरा तळाला न बसता ऑइलबरोबरच बाहेर येतो. डिझेल गाडीत याचा फायदा जास्त, तिथे काजळी जास्त असते.

पण थंड काढलं तर इंजिनाचं वाटोळं होतं असं अजिबात नाही. ती भीती बर्फाच्या देशात जास्त लागू, ५डब्ल्यू मधल्या डब्ल्यूची (विंटर, म्हणजे थंडीतल्या पातळपणाची) परीक्षाच मुळी उणे ३० अंशाला घेतात, आणि आपल्याकडे रत्नागिरीत जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा १५ च्या खाली क्वचितच जातो. इथलं थंड ऑइलही वाहतंच, फक्त शेवटची धार थेंबावर यायला वेळ लागतो. घाई नसेल तर रात्रभर उभी ठेवून सकाळी नट काढा आणि चहा होईपर्यंत ठिबकू द्या, चालतं.

मला विचाराल तर कोमट. आमच्या रत्नागिरीत म्हणाल तर भाट्ये पुलावरून पावस गावच्या रस्त्याला जरा लांब जाऊन या, जागेवर घुरघुरत ठेवू नका, मग सपाट जागी बंद करून वीसेक मिनिटं थांबा. चेंबरला बाहेरून हात लावून ठेवता आला पाहिजे, चटकन मागे घ्यावा लागला तर अजून थांबा. सायलेन्सरचा पाइप जवळच असतो, तो त्याहून तापलेला असतो. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. आणि नटाचा वायसर नवीन घ्या, चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर पाना हाताच्या बेताने आवळा, आटे गेले की खर्च मोठा.

जुनं ऑइल कॅनमधे भरून गॅरेजवाल्याकडे द्या. वाळवीला म्हणून वाशांना फासतात, कोणी सरळ पर्ह्यात (ओढ्यात) ओततात, तो पर्ह्या खाडीलाच मिळतो हो, आणि तिथलीच कालवं आपण खातो.

नवीन ऑइल भरल्यावर मिनिटभर इंजिन चालवा म्हणजे ऑइल फिल्टर भरेल, मग बंद करून पाच-दहा मिनिटांनी ऑइल मोजायची पट्टी बघा. फिल्टरने ओढून घेतल्यामुळे पातळी जरा खाली दिसेल, तेवढंच वर घाला.