नकारात्मक राजकीय जाहिरात
निवडणुकीच्या प्रचारात प्रतिस्पर्धी पक्षाची किंवा उमेदवाराची धोरणे, कामगिरी, कुवत वा चारित्र्य यांतील उणिवा दाखवण्यासाठी केलेली जाहिरात. दोन उमेदवारांची शेजारी शेजारी तुलना करणारी जाहिरात काही अभ्यासक याच वर्गात धरतात, तर काही तिला वेगळे स्थान देतात. 'नकारात्मक' या शब्दाने जाहिरातीचा रोख कळतो. तिचा खरेपणा त्यावरून ठरत नाही. टीका खरी असू शकते आणि स्तुती खोटी. रोख आणि खरेपणा यांची गल्लत अभ्यासपूर्ण लेखनातही आढळते आणि पुढील बहुतेक वादांचे मूळ तिच्यातच आहे.

हा प्रकार दूरचित्रवाणीबरोबर जन्माला आला, हा समज टिकणारा नाही. तो किती मागे नेता येतो याविषयी मात्र मतभेद आहेत. इ.स. ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई नगरात भिंतींवर रंगवलेल्या निवडणूक घोषणा मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. त्यांतील बहुतेक साध्या शिफारशी आहेत. एडाइल या नगराधिकारपदासाठी उभ्या राहिलेल्या मार्कस सेरिनियस वाटिया याच्या वाट्याला मात्र तीन विचित्र पाठिंबे आलेले दिसतात : एक रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्यांचा, दुसरा भुरट्या चोरांचा आणि तिसरा झोपाळूंचा. पिणाऱ्यांच्या घोषणेखाली ती फ्रुक्टससह फ्लोरसने लिहिली, अशी रंगाऱ्यांची नावेही आहेत. विरोधकांनी त्याची नाचक्की करण्यासाठी ही घोषणाबाजी केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दुसऱ्या मताप्रमाणे ही समर्थकांनीच केलेली थट्टा असावी. कर्त्यांची नावे उघडपणे लिहिलेली असल्याने हे दुसरे मत अगदीच टाकाऊ म्हणता येत नाही. तरीही तिन्ही घोषणांचा एकच रोख पाहता पहिले मत अधिक संभवनीय वाटते. घोषणांचा नेमका काळ सांगता येत नाही. त्या उद्रेकाआधीच्या काही वर्षांतल्या असाव्यात.

छापील पुरावा अधिक भक्कम आहे. अमेरिकेत १८२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत फिलाडेल्फियाचे मुद्रक जॉन बिन्स यांनी अँड्र्यू जॅक्सन यांच्याविरुद्ध शवपेट्यांच्या काळ्या चित्रांची पत्रके काढली. सेनापती असताना जॅक्सन यांनी सहा नागरी सैनिकांना देहदंड होऊ दिला, हा त्यांतला मुख्य आरोप होता. जॅक्सन सुमारे ५६ टक्के मते मिळवून निवडून आले.

आधुनिक काळातील सर्वांत चर्चित उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या १९६४ च्या प्रचारातले आहे. ही जाहिरात ७ सप्टेंबर १९६४ रोजी एनबीसी या अमेरिकी दूरचित्रवाणी वाहिनीवर दाखवली गेली. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या तोडत आकडे मोजते आणि मोजताना चुकते. मग पुरुषी आवाजात दहापासून उलटी मोजणी सुरू होते, मुलीचा चेहरा जवळ येत येत पडद्यावर तिच्या डोळ्याचा काळोख तेवढा उरतो आणि अणुस्फोट होतो. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचे नाव जाहिरातीत एकदाही येत नाही. अण्वस्त्रांच्या वापराला अनुकूल अशी त्यांची वक्तव्ये प्रेक्षकांच्या मनात आधीच असल्याने ते घेण्याची गरजही नव्हती. सशुल्क जाहिरात म्हणून ती एकदाच दाखवली गेली, पण वृत्तकार्यक्रमांनी ती पुन्हा पुन्हा दाखवली. जॉन्सन यांना सुमारे ६१ टक्के मते आणि ४४ राज्ये मिळाली.

या विजयाचे श्रेय जाहिरातीला देण्याची प्रथा पडली असली, तरी जॉन्सन त्याआधीपासूनच मोठ्या आघाडीवर होते. अमेरिकेतील १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीचीही हीच गत आहे. रजेवर सुटलेल्या कैद्याच्या गुन्ह्याचे भांडवल करणाऱ्या, वांशिक भीतीला हात घालणाऱ्या जाहिरातींनी डेमोक्रॅटिक उमेदवार मायकेल डुकाकिस यांना पाडले, असे सर्रास सांगितले जाते. जुलैमध्ये गॅलप या संस्थेच्या जनमत चाचणीत त्यांची आघाडी १७ टक्क्यांची होती हे खरे. पण ती ऑगस्टमध्येच ओसरली होती आणि त्या जाहिराती सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या आहेत. जाहिरात अंगाशी आल्याचे ठळक उदाहरण म्हणून कॅनडातील १९९३ च्या निवडणुकीकडे बोट दाखवतात. प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने प्रतिस्पर्धी लिबरल पक्षाचे नेते ज्याँ क्रेतिएँ यांच्या चेहऱ्याची जवळून घेतलेली छायाचित्रे वापरली. त्यांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला लहानपणापासून पक्षाघात असल्याने हा शारीरिक व्यंगावरचा हल्ला मानला गेला आणि जाहिरात लगेच मागे घ्यावी लागली. १९८८ मध्ये १६९ जागा जिंकलेल्या या पक्षाला या वेळी दोनच मिळाल्या. मात्र पक्षाची घसरण त्यापूर्वीच सुरू झाली होती. गाजलेल्या प्रसंगांवरून परिणाम ठरवणे अवघड जाते ते अशामुळे.

नकारात्मक माहिती अधिक लक्ष वेधते आणि अधिक लक्षात राहते, याविषयी मानसशास्त्रात बऱ्यापैकी एकमत आहे. लक्षात राहणे आणि मत बदलणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत.

संशोधकांमधला सर्वांत दीर्घ वाद मतदानाच्या टक्केवारीवरून झाला. स्टीफन अँसोलाबेहिर, शांतो अय्यंगार आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरातल्या बैठकीच्या खोलीसारख्या सजवलेल्या जागेत लोकांना पंधरा मिनिटांच्या स्थानिक बातम्यांचे चित्रमुद्रण दाखवले जाई आणि त्यात तीस सेकंदांची एकच राजकीय जाहिरात पेरलेली असे. दृश्ये शक्य तेवढी तीच ठेवून निवेदनाचा सूर तेवढा बदललेला असे. सकारात्मक जाहिरात पाहणाऱ्यांच्या तुलनेत नकारात्मक जाहिरात पाहणाऱ्यांत मतदानाचा इरादा सुमारे ५ टक्क्यांनी कमी आढळला. अमेरिकी संसदेचे वरिष्ठ सभागृह असलेल्या सिनेटच्या १९९२ च्या निवडणुकांच्या आकडेवारीतही या संशोधकांना तसाच कल दिसला. हल्ले करून कुंपणावरच्या मतदाराला घरी बसवता येते, असा याचा अर्थ निघत होता आणि त्यामुळे लोकशाहीविषयी चिंता व्यक्त झाली. १९९९ मध्ये मार्टिन वॉटनबर्ग व क्रेग ब्रायन्स यांनी सर्वेक्षणाच्या आधारे याला आव्हान दिले : १९९२ मध्ये ज्यांना नकारात्मक जाहिराती आठवत होत्या, त्यांनी उलट अधिक मतदान केले होते. मूळ संशोधकांचे उत्तर असे की, राजकारणात रस असणाऱ्यालाच जाहिराती आठवतात आणि तोच मतदानालाही जातो. म्हणून आठवण हे माप भरवशाचे नाही. हा आक्षेप वजनदार आहे. त्याच सुमारास किम कान व पॅट्रिक केनी यांनी मुद्देसूद टीका आणि चिखलफेक यांत फरक केला. पहिलीने मतदान वाढते व दुसरीने घटते, असे त्यांना आढळले. पुढे यान्ना क्रुप्निकोव्ह यांनी २०११ मध्ये वेळेचा मुद्दा मांडला : मतदाराने आपला उमेदवार ठरवल्यानंतर त्याच उमेदवारावर हल्ला झाला, तरच तो मतदानाला जाण्याचे टाळण्याची शक्यता वाढते. परस्परविरोधी निष्कर्षांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न सर्वांत पटण्याजोगा आहे.

मत कोणाला पडते, या मूळ प्रश्नावर रिचर्ड लाऊ, ली सिगेलमन व आयव्ही ब्राउन रोव्हनर यांनी २००७ मध्ये १११ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. हल्ल्याने लक्ष्य झालेल्या उमेदवाराची प्रतिमा काहीशी डागाळते, पण हल्ला करणाऱ्याचीही खालावते. त्यामुळे मतांचा निव्वळ लाभ झाल्याचा सातत्यपूर्ण पुरावा मिळत नाही, असे त्यांनी दाखवले. मतदान घटत असल्याचेही त्यांना आढळले नाही. शासनावरील विश्वास व 'आपल्या मताने काही घडते' ही भावना मात्र किंचित क्षीण होते. विश्वासाविषयीचे हे निरीक्षण फारसे चर्चिले गेले नाही. जय-पराजयाच्या हिशेबात ते हरवू नये. अलेक्झांडर कॉपॉक, सेथ हिल व लिन व्हावरेक यांनी २०१६ च्या प्रचारातील ४९ जाहिरातींवर ५९ प्रयोग केले. सुमारे ३४,००० लोकांवरील या प्रयोगांत पसंतीतील सरासरी बदल ०.७ टक्के इतकाच निघाला आणि जाहिरातीच्या सुरानुसार त्यात लक्षणीय फरक पडला नाही.

परिणाम टिकतो किती, यावर दोन मते आहेत. सांगणारा विस्मरणात जातो आणि आरोप मनात राहतो, म्हणून परिणाम काळाबरोबर वाढतो, असे एक मत. याचा आधार कार्ल होव्हलंड व सहकाऱ्यांच्या १९४९ मधील कामात आहे. उलट २००६ मध्ये टेक्सासच्या गव्हर्नरपदाच्या प्रचारात झालेल्या मोठ्या क्षेत्रीय प्रयोगात दूरचित्रवाणी जाहिरातींचा परिणाम सुरुवातीला मोठा असला तरी आठवड्याभरातच ओसरत असल्याचे दिसले. तो प्रयोग टीकात्मक जाहिरातींपुरता नव्हता, तरी प्रत्यक्ष प्रचारातला असल्याने त्याला अधिक महत्त्व द्यावे लागते.

बहुतेक पुरावा अमेरिकेतल्या दुरंगी लढतींचा आहे. बहुरंगी लढतीविषयी थोडे अभ्यास झाले आहेत. इटलीतील महापौरपदाच्या निवडणुकीत व्हिन्सेंझो गालासो व सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात हल्ल्याचा फायदा भांडणाबाहेरच्या तिसऱ्या उमेदवाराला झाला.

कायदे देशोदेशी वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर सशुल्क राजकीय जाहिरातींना मनाई आहे. भारतात उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी जाणूनबुजून केलेले खोटे विधान लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(४) नुसार भ्रष्ट आचरण ठरते. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने उमेदवाराला आपल्या जाहिरातीत ती आपल्याला मान्य असल्याचे स्वतःच्या आवाजात सांगावे लागते. २०१० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मात्र उमेदवार व पक्ष यांच्याबाहेरच्या गटांच्या खर्चाला मोठी वाट मिळाली. अनोळखी गटाच्या नावाने केलेला हल्ला उमेदवारावर कमी उलटतो, असे डेबोरा ब्रूक्स व मायकेल म्युरोव्ह यांच्या २०१२ मधील प्रयोगात आढळले. अशा गटामागील देणगीदार उघड केले की त्या हल्ल्याची धार बोथट होते, असे त्यानंतरच्या प्रयोगांत दिसले.