हिपॅटायटिस सी आणि सांधेदुखी : आरए फॅक्टरने घातलेला घोळ

पायांवर जांभळट पुरळ, सांधेदुखी आणि गळून गेल्यासारखा अशक्तपणा हे त्रिकूट 1966 मध्ये एकत्र नोंदवलं गेलं. या रुग्णांच्या रक्तातली काही प्रथिनं थंडीत साकळून खाली बसत, म्हणून आजाराला क्रायोग्लोब्युलिनेमिया म्हणत. कारण सापडत नसलं की त्यापुढे ‘इसेन्शियल’ हे भारदस्त विशेषण लागायचं. 1989 मध्ये हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला, चाचण्या आल्या आणि यातले बहुतेक रुग्ण त्याचेच निघाले. विशेषण बाद झालं.

खरा घोळ मात्र आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) निदानासाठी रक्तात तपासतात त्या आरए फॅक्टरने घातला. हा विषाणू वर्षानुवर्षं प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या बी पेशींना डिवचत राहतो. त्यातून आयजीजी या आपल्याच प्रतिद्रव्यांना चिकटणारी आयजीएम प्रकारची प्रतिद्रव्यं तयार होतात, आणि आरए फॅक्टर म्हणजे तीच. त्यामुळे हिपॅटायटिस सीमध्ये आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला तर लॅबची चूक नसते; चूक होते ती अर्थ लावताना. 1987 च्या निकषांनुसार आमवाताचं निदान करायला सातपैकी चार गोष्टी पुरत. सकाळी तासभर आखडणं, तीन किंवा अधिक ठिकाणी सूज, त्यात हाताचे सांधे, दोन्ही बाजूंना सारखं दुखणं, हे सगळं सहा आठवडे टिकलं की एक्स-रेत हाड खाल्लेलं नसतानाही शिक्का बसायचा. वर आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, मग शंका घ्यायची कुणी? आमवातावरचं मेथोट्रेक्सेट सुरू व्हायचं, यकृताला इजा दाखवणारं एसजीपीटी वाढायचं आणि दोष औषधावर जायचा. विषाणूची तपासणी गोळी सुरू करण्याआधी करायची असते, नंतर नाही.

अँटी-सीसीपी या आमवाताच्या जास्त नेमक्या रक्तचाचणीमुळे बरंच सावरलं, कारण हिपॅटायटिस सीच्या सांधेदुखीत ती सहसा निगेटिव्ह येते. पण 2010 च्या निकषांतही फट आहेच. चार ते दहा लहान सांधे सुजलेले, तीन गुण; आरए फॅक्टर नॉर्मलच्या तिपटीहून जास्त, आणखी तीन. निदानाला लागतात सहा! ‘दुसऱ्या आजाराने उलगडा होत नसेल तरच’ ही अट निकषांत आहे, पण गुणांच्या बेरजेत ती वाचायची राहून जाते. आपल्याकडे त्यात महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या चिकनगुनियाच्या सांधेदुखीची भर.

क्रायोग्लोब्युलिनची, म्हणजे थंडीत साकळणाऱ्या त्या प्रथिनांची, चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नये. तिचं सगळं गणित तापमानावर आहे. रक्त 37 अंशांवर कोमट केलेल्या साध्या ट्यूबमध्ये घ्यायचं, त्याच तापमानाला गोठू द्यायचं आणि सीरमही कोमट असतानाच वेगळं करायचं. मग ते 4 अंशांवर सात दिवसांपर्यंत ठेवून तळाशी पांढरा साका बसतो का ते बघायचं; पुन्हा 37 अंशांवर आणल्यावर तो विरघळला पाहिजे. कलेक्शन सेंटरवर नेहमीच्या सवयीने ट्यूब बर्फाच्या डब्यात टाकली, की प्रथिनं गुठळीबरोबरच खाली बसतात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. शंका असेल तर रक्तातलं सी4 हे प्रतिकारशक्तीचं प्रथिन तपासावं. त्याच गटातलं सी3 जवळपास नॉर्मल आणि सी4 फारच कमी, हा मोठा इशारा. त्यासोबत लघवीत प्रथिनं किंवा रक्त दिसलं, तर सांध्यांपेक्षा मूत्रपिंडाची घाई जास्त.

हिपॅटायटिस सीवर इंटरफेरॉनची इंजेक्शनं दिली जात त्या काळात, म्हणजे 1990 च्या दशकापासून 2013-14 पर्यंत, उपचारच अंग आणि सांधे दुखवायचे. काहींचा संधिवात त्यानेच भडकायचा. त्यामुळे सांध्यांसाठी विषाणूवर उपचार करावेत की नाहीत, यावर बरीच वर्षं हात राखूनच बोललं जायचं. गोळ्या आल्यावर तो प्रश्न जवळजवळ मिटला. सोफोस्बुव्हिर 400 मिलिग्रॅम आणि डॅक्लाटास्विर 60 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, सिरॉसिस (यकृत व्रणांनी कडक होणं) नसेल तर 12 आठवडे. 2018 पासून भारतात राष्ट्रीय कार्यक्रमातून ही औषधं मोफत मिळतात. सुरू करण्याआधी एचबीएसएजी ही हिपॅटायटिस बीची चाचणी बघायलाच हवी, कारण सी हटताना दबलेला बी उसळू शकतो.

दरम्यान दुखण्यावर काय घ्यायचं? सिरॉसिस असेल तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांपासून लांब राहावं. मूत्रपिंड आणि रक्तस्राव दोन्हींचा धोका. पॅरासिटामॉल चालतं, पण सिरॉसिसमध्ये दिवसाला 2 ग्रॅमच्या आत, आणि सर्दीच्या गोळीतलंही त्यात धरून.

उपचार संपल्यावर 12 आठवड्यांनी खुद्द विषाणू शोधणारी आरएनए चाचणी निगेटिव्ह असेल तर विषाणू गेला. विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्यं बघणारी अँटी-एचसीव्ही चाचणी मात्र पुढेही पॉझिटिव्हच राहते, आरए फॅक्टर आणि क्रायोग्लोब्युलिनही काही महिने रेंगाळतात. तेवढ्यावरून आजार उलटला असं समजून पुन्हा गोळ्या मागू नयेत. दुखणं त्यानंतरही तसंच राहिलं, तर गुडघ्याची झीज, युरिक ॲसिड आणि अँटी-सीसीपी नव्याने बघावं लागतं. हिपॅटायटिस सी बरा झालेल्यालाही खरा आमवात होऊ शकतो.