‘टॅम्पा टू’चा जन्म टॅम्पात झाला नाही

अमेरिकन फुटबॉलमधला ‘टॅम्पा टू’ हा बचाव प्रशिक्षक मॉन्टी किफिन आणि टोनी डंजी यांनी 1996 मध्ये टॅम्पा बे संघात शोधून काढला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. नावामुळे ते पटतंही. पण खरं नाही.

या पद्धतीत दोन सेफ्टी (सर्वांत मागे उभे राहणारे बचावपटू) मागचं मैदान अर्धं-अर्धं वाटून घेतात आणि मधला लाइनबॅकर (त्यांच्या पुढच्या फळीतला बचावपटू) मागे धावत जाऊन त्यांच्यातली फट बुजवतो. हे पिट्सबर्ग स्टीलर्स हा संघ 1970च्या दशकातच करत होता. बचावाचे प्रशिक्षक होते बड कार्सन. डंजी 1977 मध्ये त्याच संघात खेळाडू म्हणून दाखल झाले. आपली पद्धत स्टीलर्सच्या वहीतली आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. तरी कोणी ऐकत नाही!

किफिन टॅम्पातच घडले, हाही तसलाच समज. नेब्रास्का आणि अर्कान्सा या विद्यापीठांच्या संघांचा बचाव त्यांनी आधीच सांभाळला होता. जानेवारी 1978 च्या ऑरेंज बोल या कॉलेज संघांच्या मोठ्या सामन्यात अर्कान्साने बलाढ्य ओक्लाहोमाला 31-6 असं हरवलं, तेव्हा बचाव त्यांचाच होता. मुख्य प्रशिक्षक म्हणून नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात मात्र ते तीनच हंगाम टिकले.

मग टॅम्पाचं श्रेय काय? जुनी चाल चपळ खेळाडूंकडून चोख करून घेणं. 2003च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, टॅम्पाच्या बचावाने प्रतिस्पर्धी रेडर्स संघाचे पाच पास हिसकावले, त्यातल्या तिनांवर थेट टचडाउन केले, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोल-रेषेपार नेऊन गुण मिळवले.